ट्युलिप : ठाणे-नवी मुंबई परिसरातील लागवड

पलांडू कुलातील (लिलिएसी) ट्युलिपा प्रजातीच्या कंदवर्गीय बहुवर्षायू वनस्पतींना हे नाव आहे. जाती किती, याबाबत वर्गीकरणतज्ज्ञांत एकमत नाही. बहुतेक जण सुमारे ७५ ते १०० मानतात. सर्वाधिक वैविध्य तिएनशान व पामीर पर्वतांत आढळते. पश्चिम हिमालयातही काही जाती रानटी वाढतात.

यूरोपात ट्युलिप नेल्याचे श्रेय परंपरेने तुर्की दरबारातील वकील (राजदूत) बस्बेक याला देतात. मात्र ट्युलिपचा उल्लेख असलेली त्याची पत्रे १५८१ पासून छापली गेली, तर स्विस निसर्गतज्ज्ञ गेसनरने जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे १५५९ मध्ये फुललेले झाड पाहून १५६१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्धही केले होते. कंद व्यापाऱ्यांकरवी आधीच पोहोचले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. हॉलंडमधील १६३७ चा ट्युलिपच्या कंदांवरील सट्टा सर्वपरिचित आहे. त्यात भाव खाऊन गेलेल्या पट्टेदार फुलांचे पट्टे माव्याने पसरणाऱ्या विषाणूमुळे उमटत, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले.

फुलाला सहा परिदले (पाकळ्यांसारखी दले) व सहा केसरदले (पुंकेसर) असतात. जुना कंद दरवर्षी खर्ची पडतो व त्याच्या पोटी नवे कंद धरतात. पुढील वर्षीची कळी उन्हाळ्यातच कंदात घडते, पण दांडा लांबण्यासाठी कंदाला सुमारे १२ ते १६ आठवडे गारवा (साधारण २° ते ९° से.) मिळावा लागतो. तो न मिळाल्यास दांडा आखूड राहतो व कळी पानांतच सुकते.

ठाण्यात जानेवारीतही रात्रीचे तापमान सहसा १५° से.च्या खाली उतरत नाही. त्यामुळे हौशी मंडळी आधीच गारवा दिलेले कंद आणतात किंवा साधे कंद कागदी पिशवीत घालून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवतात. शेजारी सफरचंद वा केळी नसावीत; पिकत्या फळांतील एथिलीन वायूने कळी आतच मरते. डिसेंबरअखेर कुंडीत पाण्याचा निचरा होईल अशी माती घालून कंद लावावेत व कुंडी पूर्वेच्या गॅलरीत ठेवावी. दुपारच्या उन्हात फूल सताड उघडते आणि चार-पाच दिवसांत पाकळ्या गळतात. येऊरच्या जंगलातील कळलावी किंवा रानहळदीचे कंद पहिल्या पावसाने जागे होतात. ट्युलिपचा कंद मात्र त्याच पावसात कुंडीत कुजतो, म्हणून येथे तो एका हंगामापुरताच धरावा. कंद हाताळताना काहींच्या बोटांना खाज सुटते. हातमोजे घातलेले बरे.