टॅब की स्पेस? वाद वाटतो तेवढा फालतू नाहीये

कोडच्या ओळी डावीकडून आत सरकवायच्या, म्हणजे इंडेंटेशन करायचं, ते टॅबने की स्पेसने, हा प्रोग्रामर लोकांचा जुना वाद. आत सरकवण्यावरून काय होऊ शकतं ते बघा. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलने आयफोनसाठी घाईघाईने एक अपडेट सोडलं, आयओएस ७.०.६, आणि त्याला कारण होती कोडमधली एक जास्तीची ओळ. आपण एखाद्या सुरक्षित साइटवर जातो तेव्हा समोरची साइट खरंच तीच आहे का हे तपासणारा सी भाषेतला कोड होता, त्यात एकामागोमाग एक तपासण्या आणि प्रत्येक 'इफ'खाली, म्हणजे 'जर असं झालं तर' या अटीखाली, एकच सूचना, काही चुकलं तर 'गोटू फेल', म्हणजे थेट शेवटाला उडी मार. एका ठिकाणी ही ओळ दोनदा पडली. दोन्ही ओळी सारख्याच आत सरकवलेल्या, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटणार की दोन्ही त्या इफच्याच आहेत. पण सी मध्ये महिरपी कंस घातले नाहीत तर इफच्या ताब्यात फक्त पहिलीच ओळ राहते, दुसरी मोकळी सुटते. मग ती दरवेळी उडी मारायची, पुढची साइटच्या डिजिटल सहीची तपासणी व्हायचीच नाही, आणि तोवर काही चुकलेलं नसल्यामुळे उत्तर जायचं 'सगळं ठीक आहे'. म्हणजे त्याच वायफायवर बसलेल्या एखाद्या हॅकरला तुमच्या बँकेची साइट असल्याचं सोंग घेता आलं असतं!

सी, जावा यांचे कंपायलर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारे प्रोग्राम, डावीकडच्या मोकळ्या जागेकडे ढुंकूनही बघत नाहीत, माणूस मात्र आधी तीच बघतो आणि कंस नंतर. गडबड होते ती इथेच. २०१६ मध्ये आलेल्या जीसीसी ६ या कंपायलरमध्ये तर खास यासाठी वॉर्निंग आली, इंडेंटेशन एक सांगतंय आणि कोड दुसरंच करतोय असं दिसलं की ती ओरडते. पायथन भाषेने हा प्रश्न मुळातच संपवला, तिथे इंडेंटेशन हाच नियम, त्यामुळे तीच जास्तीची ओळ पायथनमध्ये तशीच आत सरकवलेली असती तर इफच्या आतच राहिली असती आणि काही बिघडलं नसतं.

आता आत सरकवायचं किती आणि कशाने, यावर लोक वर्षानुवर्षं भांडतायत. पायथनची अधिकृत शैली म्हणते ४ स्पेस, लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या कोडमध्ये, ८ रुंदीचा टॅब, आणि त्यामागे विचार असा की तीनपेक्षा जास्त पातळ्या आत जावं लागत असेल तर तुमचा कोडच सुधारा. १९८३ मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी हे चक्क प्रयोग करून बघितलं होतं, वेगवेगळं इंडेंटेशन असलेला कोड लोकांना वाचायला देऊन, तर २ ते ४ स्पेस असताना कोड सगळ्यात चांगला समजला.

रोजच्या कामात खरा ताप होतो तो प्रत्येकाचा एडिटर वेगळा असल्यामुळे. एकाने दोनच ओळी बदलल्या, पण सेव्ह करताना त्याच्या एडिटरने अख्ख्या फाइलचे टॅब काढून स्पेस घातले, की रिव्ह्यू करणाऱ्याला सगळीच फाइल बदललेली दिसते आणि त्या दोन ओळी शोधत बसा. म्हणून मला वाटतं हे काम माणसाने करूच नये. गो भाषेने गोएफएमटी नावाचं फॉर्मॅटर, म्हणजे कोड आपोआप नीट मांडणारं टूल, सोबतच दिलं, त्यात निवडायला जवळपास काही ठेवलंच नाही, ते म्हणेल तसाच कोड. पुढे जावास्क्रिप्टसाठी प्रेटियर आणि पायथनसाठी ब्लॅक आलं. असं टूल ॲपलच्या त्या कोडवर चालवलं असतं तर दुसरी गोटू फेल डावीकडे सरकून उघडी पडली असती.

टॅब की स्पेस यात मात्र मी आता टॅबच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण फाइलचा साइज वगैरे नाही. अंध प्रोग्रामर ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे अक्षरं उठावदार ठिपक्यांत दाखवणाऱ्या यंत्रावर, कोड वाचतात, त्यावर एका वेळी साधारण ४० अक्षरं मावतात आणि प्रत्येक स्पेस एक अख्खं घर खाते. ४ स्पेसच्या तीन पातळ्या आत गेलात की १२ घरं रिकामीच गेली, टॅब असेल तर प्रत्येक पातळीला एकच घर लागेल असं सेट करता येतं. ज्यांना कमी दिसतं आणि फॉन्ट खूप मोठा करावा लागतो त्यांनाही टॅबची रुंदी आपल्या सोयीने कमी करता येते, दुसऱ्या कुणाच्या स्क्रीनवर काहीच न बदलता. आणि टीमला यासाठी करायचं काय, तर प्रेटियरसारख्या फॉर्मॅटरच्या सेटिंगमध्ये एक ओळ बदलायची.