चार्टर विमान अपघात: वारसांनी भरपाईसाठी अर्ज कसा करावा, कागदपत्रं कोणती?

माणूस जळगावचा आणि विमान कोसळलं परराज्यात, तरी घरचे आधी आपल्याच महापालिकेत जातात. मृत्यूची नोंद मात्र जिथे मृत्यू झाला तिथेच होते. 21 दिवसांच्या आत करावी. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

उड्डाणानंतर लगेच पडलेल्या विमानात इंधन जास्त असतं, त्यामुळे आगही मोठी. अहमदाबादच्या 12 जून 2025 च्या अपघातात बहुतेक मृतदेहांची ओळख डीएनएवरूनच पटवावी लागली. म्हणून डीएनए नमुना द्यायला आई, वडील किंवा मुलांपैकी एकाने तातडीने निघावं. पत्नीचा नमुना इथे उपयोगी पडत नाही.

भरपाईचा आधार कॅरेज बाय एअर कायदा, 1972. पती-पत्नी, आई-वडील, आजी-आजोबा, भाऊ-बहीण, मुलं आणि नातवंडं पात्र. सून, जावई, वहिनी नाहीत. एका प्रवाशासाठी दावा एकच, सगळ्यांच्या वतीने. भाऊबंदकी असेल तर ती आधी मिटवा. मुदत दोन वर्षं, विमान पोहोचायला हवं होतं त्या दिवसापासून.

चार्टरमध्ये, म्हणजे अख्ख्या भाड्याने घेतलेल्या विमानात, हाती तिकीट नसतंच बहुधा. प्रवासी यादीची प्रत विमान कंपनीकडे लेखी मागा. भाडं दुसऱ्याने भरलं म्हणून हक्क जात नाही. वैमानिक आणि कर्मचाऱ्यांच्या घरच्यांचा मार्ग वेगळा, कामगार भरपाईचा.

दाव्यासोबत मृत्यू दाखला, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, आधार, बँक तपशील. उत्पन्नासाठी आयकर विवरणपत्र किंवा पगारपत्रक. रावेर-यावलकडचा शेतकरी असेल तर केळी विक्रीच्या पावत्याही जोडा.

खरी अडचण वारसाची. तलाठ्याने फेरफाराला घेतलेली वारसनोंद जमिनीपुरती. पैशासाठी दिवाणी न्यायालयाचाच दाखला मागतात. त्यात आपल्याकडे सातबाऱ्यावर 'सुमनबाई भ्र. रामदास' (भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा), आधारवर 'सुमन रामदास पाटील'. दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा, नाहीतर तारखेवर तारीख.

विमान अपघात अन्वेषण ब्युरोच्या अहवालाची वाट पाहू नका. त्यांचं काम कारण शोधण्याचं आहे, दोष ठरवण्याचं नाही. आणि 'आता काही येणे नाही' असं लिहिलेल्या पावतीवर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

एवढं करताना मृताचं पासबुक उघडून बघा. वर्षाला 20 रुपये कापल्याची नोंद दिसली, तर ती बहुधा पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेची: अपघाती मृत्यूला 2 लाख. 436 रुपयांची दिसली तर पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजनेचे आणखी 2 लाख. हे दोन्ही अर्ज बँकेच्या शाखेतच द्यायचे.