हेडलाईटमध्ये वाफ धरली आहे की पाणी शिरलं आहे?

मिरग लागला की एक तक्रार हमखास येते: हेडलाईटची काच आतून धुरकट दिसते. त्यातल्या काही गाड्यांना खरोखर काम लागतं, पुष्कळशांना काहीच लागत नाही. आपली गाडी कशात मोडते हे घरच्या घरी ओळखता येतं आणि नको तो खर्च टळतो. त्यासाठी आमच्या गॅरेजचं हे पत्रक.

दिवा हवाबंद नसतो, आणि नसायलाच हवा

प्रत्येक हेडलाईटला हवा आत-बाहेर जायची वाट ठेवलेली असते. कुठे रबरी नळीचं वाकडं तोंड, कुठे स्पंजचा तुकडा, नव्या गाड्यांत मागच्या बाजूला चिकटवलेली नाण्याएवढी गोल चकती. तिच्यातून हवा जाते, पाण्याचा थेंब जात नाही. गॅरेजच्या भाषेत हा ब्रीदर.

तो का लागतो? दिवा लावला की आतली हवा तापते. ३० अंशांवरून ६० अंशांवर गेली की ती दहा टक्क्यांनी फुगते आणि तेवढी बाहेर पडते. दिवा बंद केला किंवा वरून पावसाची सर आली की ती आकसते आणि बाहेरची हवा आत ओढते. ही वाट बुजवली तर आत-बाहेरच्या दाबात इतका फरक पडू शकतो की तळहाताएवढ्या जागेवर दहा किलोंचा भार यावा. मग काच आणि डब्यामधला (म्हणजे दिव्याच्या मागच्या भागामधला) सील सुटतो, आणि जिथे सुटतो तिथून हवेऐवजी पाणीच ओढलं जातं. म्हणून ‘सगळीकडून सिलिकॉन मारून पॅक करून द्या’ असं कोणी सांगितलं तर आम्ही ते करत नाही.

आता आपली हवा बघा. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८५ टक्के दमटपणा म्हणजे गोव्यात अगदी साधा दिवस. अशा हवेतली वाफ २७ अंशांच्या आसपास थंड झालेल्या कुठल्याही वस्तूवर दव होऊन बसते. विहिरीच्या गार पाण्याने गाडी धुतली की काच तेवढी गार होतेच. दहा मिनिटांत आतून पातळ धुकं दिसलं तर तो दिव्याचा दोष नव्हे.

चार थेंबांचा हिशेब

मध्यम गाडीच्या हेडलाईटची पोकळी आठ लीटर धरा. वर सांगितलेल्या हवेत तेवढ्या पोकळीत वाफेच्या रूपातलं पाणी भरतं साधारण ०.२ ग्रॅम, म्हणजे जेमतेम चार थेंब. ते सगळं काचेवर पसरलं तर काच पूर्ण पांढुरकी दिसते, घाबरायला होतं, पण आहे ते चारच थेंब. दिवा तापला की ते पुन्हा वाफ होऊन ब्रीदरमधून निघून जातं.

याचा उलटा अर्थ जास्त कामाचा. काचेवरून थेंब ओघळत असतील, तळाशी चमचाभर पाणी हलताना दिसत असेल, किंवा आत पाण्याची आडवी रेघ उमटून वाळलेली असेल, तर ते हवेतून आलेलं नाही. कुठेतरी गळती आहे, आणि ती बंद केल्याशिवाय कितीही वेळा सुकवलं तरी पुढच्या पावसात पाणी परत येणार.

घरी करायची चाचणी सोपी आहे. गाडी उघड्यावर, इंजिन चालू, लो बीम लावून अर्धा तास ठेवा. हॅलोजन बल्ब असेल तर काच मधोमध स्वच्छ व्हायला लागते आणि धुकं कोपऱ्यांकडे सरकत नाहीसं होतं. एलईडी हेडलाईटला जास्त वेळ द्या. एलईडीची उष्णता मागच्या हीटसिंकमध्ये (उष्णता शोषून बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागात) जाते, पुढची काच फारशी तापत नाही, त्यामुळे त्याच वाफेला जायला तासभर लागू शकतो. दिवा चालू असताना काचेवर कापड किंवा कव्हर मात्र टाकू नका. ती काच म्हणजे पॉलिकार्बोनेट प्लास्टिक आहे, उष्णता कोंडली की खराब होते.

स्कूटर-मोटरसायकलवाल्यांसाठी एक गोष्ट: एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना इंजिन सुरू असेपर्यंत हेडलाईट बंद करता येत नाही. बाजारातून घर, घरातून शाळा अशा दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्यांत दिवा पुरता तापतही नाही आणि दर वेळी निवताना बाहेरची ओली हवा आत घेतो. अशा गाड्यांत किंचित वाफ जास्त वेळा दिसते. एक लांब फेरी मारून बघा, मग ठरवा.

पाणी येतं कुठून

सगळ्यात जास्त गुन्हेगार म्हणजे बल्बमागचा रबरी बूट. एच-४ बल्बचे (एकाच बल्बमध्ये लो आणि हाय बीम असलेल्या जातीचे) तीन पाय बुटाच्या मधल्या भोकातून बाहेर येतात. बूट नीट बसला असेल तर पाय पूर्ण उघडे दिसतात, आतली कड बल्बच्या पत्र्याला चहूबाजूंनी चिकटते आणि बाहेरची कड डब्याच्या गोल कडेवर चढलेली असते. बल्ब बदलताना घाईत बूट तिरका दाबला, किंवा ‘टॉप’ लिहिलेली बाजू खाली गेली, की एका अंगाला नखभर फट राहते. तेवढी पुरते. रबर जुनं होऊन कडक झालं असेल तर बोटाने दुमडून बघा, भेगा लगेच उघडतात. नवा बूट बल्बपेक्षा स्वस्त मिळतो, तो बदलायला मागेपुढे बघू नका.

बाहेरून आणलेला पंख्याचा एलईडी बल्ब बसवताना हा बूट कापतात किंवा काढूनच टाकतात. पंखा मागे राहिला, तोंड उघडं राहिलं, आणि इंजिनाकडचं पाणी, चिखल थेट आत. शिवाय हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये त्याचा झोत विस्कटतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. १००/९० वॅटचे बल्ब तर बसवूच नका. ६०/५५ साठी केलेला होल्डर आणि रिफ्लेक्टर त्या उष्णतेने वाकतात, मग सील राहत नाही.

एच-११ किंवा एचबी-३ बल्बला बूट नसतो. त्याच्या बुडाशी रबरी ओ-रिंग असते, ती पडली किंवा पिळली की गळती. झाकणाची ओ-रिंग असेल तर तीही तपासा. ब्रीदरची नळी निसटून पडलेली असते, लाल मातीने बुजलेली असते (डिचोली-सांगे भागातल्या गाड्यांत हे फार), आणि कधी कधी कुंभारमाशीने तिच्यात मातीचं घर केलेलं असतं. हसू येईल, पण बाहेर काढली की ढेकूळच निघतं.

पुढून ठोकर लागलेल्या गाडीत काच शाबूत दिसते, पण वरच्या पकडीजवळ डब्याला केसासारखी चीर असते. टॉर्च मागून मारून बघितल्याशिवाय ती दिसत नाही. आणि प्रोजेक्टर (झोत एकवटणारं भिंग) वगैरे बसवायला दिवा एकदा उघडला असेल तर संशय आधी काच आणि डब्याच्या जोडाच्या खोबणीवर घ्यावा.

गळती शोधायची रीत

दिवा गाडीतून काढून, वाळवून, एका ब्रीदरला नळी जोडायची, बाकीचे ब्रीदर टेपने बंद करायचे, बल्ब आणि बूट जागेवर ठेवायचे. अर्धा लीटर पाण्यात चमचाभर भांड्यांचा द्रव साबण घालून ते जोडावर ब्रशने लावायचं आणि नळीतून तोंडाने हळू फुंकायचं. बुडबुडे उठतील तिथे भोक. कंप्रेसरची नळी थेट लावू नका. त्याचा दाब चांगला सील क्षणात उचकटतो, मग गळती सापडण्याऐवजी तयार होते.

सुकवताना

१. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. बल्ब पंधरा मिनिटं निवू द्या.

२. बल्ब काढताना त्याच्या काचेला बोट लावू नका. हाताचं तेल लागलेली जागा जास्त तापते आणि हॅलोजन बल्ब लवकर जातो. लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

३. बऱ्याच गाड्यांत दिव्याचे एक-दोन बोल्ट बंपरखाली लपलेले असतात. दिवा हलत नसेल तर ओढू नका, पकडीचा कान तुटतो. कपलरची (वायरींच्या जोडणीची) खिटी दाबूनच कपलर सोडवा.

४. दिवा तिरका करून पाणी ओता. आत कापड घालून पुसायचा मोह आवरा. रिफ्लेक्टरवरचा चकचकीत थर म्हणजे ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा आहे, एका पुसण्यात उतरतो आणि परत येत नाही.

५. हेअर ड्रायर सर्वांत कमी उष्णतेवर, वीस सेंटीमीटर लांबून, बल्बच्या भोकातून. हाताला सोसवेल इतकीच हवा गरम असावी.

६. मग खरं सुकणं. पावसाळ्यात अंगणात ठेवून दिवा सुकत नाही, कारण बाहेरची हवाच ओली. एसी चालू असलेल्या खोलीत रात्रभर ठेवा, किंवा मोठ्या हवाबंद पिशवीत सुमारे २०० ग्रॅम सिलिका जेलसोबत २४ ते ४८ तास. रंग बदलणारी सिलिका घेतली तर ती ओली झाल्याचं कळतं. ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवली की पुन्हा वापरता येते. निळी जात मात्र स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको, तिच्यात कोबाल्टचं विषारी क्षार असतं.

सिलिकाची पुडी दिव्यात कायमची ठेवून देण्याचा सल्ला सर्रास मिळतो. आमच्या मते तो फुकट आहे. ब्रीदरमधून रोज नवी ओली हवा येते, त्यामुळे पुडी थोड्याच दिवसांत भरते, आणि फुटली तर मणी रिफ्लेक्टरमध्ये खुळखुळत राहतात. तांदूळही नको, त्याची भुकटी आत बसते.

खारं पाणी शिरलं तर

भरतीच्या वेळी फेरीबोटीच्या रॅम्पवर, खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतल्या) रस्त्यावर किंवा किनाऱ्यालगत साचलेल्या पाण्यातून गाडी काढली आणि दिव्यात पाणी गेलं, तर नुसतं सुकवून भागत नाही. पाणी उडतं, मीठ राहतं, आणि मीठ हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांवर गेला की स्वतःच पाणी ओढायला लागतं. पावसाळ्यात दमटपणा याच्या वरच असतो, म्हणजे एकही गळती नसताना असा दिवा कायम धुरकट राहील. साधा बल्बचा दिवा असेल तर तो २५० मिलिलीटर डिस्टिल्ड वॉटरने हलवून दोन-तीनदा विसळावा आणि मग वर सांगितल्याप्रमाणे सुकवावा. नळाचं पाणी वापरलं तर डाग राहतात. ज्या दिव्यात एलईडीचं सर्किट आतच आहे तो घरी विसळू नका, चालूही करू नका, तसाच आणा. कपलरच्या पिनांवर हिरवट गंज धरला असेल तर तो साफ करून डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं ग्रीस) लावावं लागतं.

हे मात्र करू नका

तळाला ड्रिलने भोक पाडणं हा सगळ्यात वाईट इलाज. आतलं पाणी निघेल हे खरं, पण पुढच्या डबक्यात तेच भोक पाणी आत घेईल, सोबत धूळ आणि मुंग्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही टाळा. त्यातून सुटणारं आम्ल रिफ्लेक्टरचा मुलामा आणि तांब्याच्या पिना खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलंच घ्या, आणि तेही फक्त चिरेवर.

काच बाहेरून पिवळी पडणं हा वेगळा आजार आहे, तो उन्हाचा. त्यावर डासांचं मलम चोळलं की काच चमकते, पण मलमातलं रसायन पॉलिकार्बोनेटला मऊ करतं आणि नंतर बारीक तडे जातात. थिनर आणि पेट्रोलही तेच करतात. प्रेशर वॉशरची नळी किमान दोन फूट लांब धरा आणि बॉनेट उघडून दिव्याच्या पाठीवर मारू नका.

गोल दिव्याच्या जुन्या मोटरसायकलींत काच, पत्र्याचा रिफ्लेक्टर आणि बाहेरची रिंग असते. अशा दिव्याच्या तळाशी मुळातच पाणी जायचं छिद्र ठेवलेलं असलं तर काम झाल्यावर ते खालीच आलं आहे ना एवढं बघा.

आमच्याकडे काम कसं होतं

आधी बूट, ओ-रिंग, ब्रीदर. पुष्कळ वेळा तिथेच काम संपतं आणि दिवा उघडावा लागत नाही. जोड गळत असेल आणि तो ब्यूटाईलचा (तापवलं की मऊ होणाऱ्या चिकट रबराचा) असेल, तर बल्ब, स्क्रू, क्लिपा काढून दिवा ९० ते १०० अंशांच्या ओव्हनमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवून उघडतो, जुनं ब्यूटाईल खरवडून नवी दोरी घालतो (एका दिव्याला सव्वा ते दीड मीटर लागते), दाबून निवू देतो आणि पुन्हा साबणाची चाचणी घेतो. दिवा किमान एक रात्र आमच्याकडे राहतो. काही दिवे कायमच्या गोंदाने चिकटवलेले किंवा वेल्ड केलेले असतात. ते उघडत नाहीत, फोडावे लागतात, म्हणून ते आम्ही उघडायला घेत नाही.

रिफ्लेक्टर काळवंडला किंवा सोलला असेल, किंवा आतल्या सर्किटला गंज चढला असेल, तर दुरुस्तीचे पैसे घालू नका, दिवा बदला. काळ्या रिफ्लेक्टरचा उजेड चोर्ला घाटाच्या धुक्यात पुरत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा, आमच्या हाताने सील तुटला की तुमचा हक्क जाईल. पुराच्या पाण्यात गेलेली गाडी असेल तर विम्यासाठी फोटो काढल्याशिवाय दिव्याला हात लावू देऊ नका.

दिवा परत बसवल्यावर झोत तपासतोच. तुम्हीही बघू शकता: सपाट जागी गाडी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा. लो बीमची वरची कड बल्बच्या उंचीपेक्षा साधारण पाच सेंटीमीटर खाली यायला हवी.

आणि येताना मोबाईलवर फोटो घेऊन या. वाफ सकाळी किंवा पावसानंतर दिसते, दुपारी आमच्याकडे पोचेपर्यंत ती गेलेली असते. दिव्याच्या कुठल्या कोपऱ्यात आधी दिसली, गाडी त्या वेळी चढावर उभी होती की उतारावर, आणि अलीकडे बल्ब कोणी बदलला का, एवढं सांगितलंत तर गळती शोधण्याचं अर्धं काम तिथेच होतं.