लाइट रेल: ट्राम गेली कशी आणि परतली कशी

केंद्रीय गृहनिर्माण आणि नगरविकास मंत्रालयाने जुलै 2019 मध्ये 'मेट्रोलाइट' या नावाने हलक्या शहरी रेल्वेची मानके प्रसिद्ध केली. ज्या मार्गांवर एका दिशेने तासाला साधारण 2,000 ते 15,000 प्रवासी असतात आणि पूर्ण आकाराची मेट्रो परवडत नाही, तेथे तीन डब्यांची, सुमारे 300 प्रवासी नेणारी गाडी चालवावी, अशी ही कल्पना आहे. पुढे रबरी टायरवर धावणारी 'मेट्रो निओ' आली आणि नाशिकच्या अशा प्रकल्पासाठी 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2,092 कोटी रुपयांची घोषणाही झाली. या साऱ्या चर्चेत भर राहिला तो गाडीच्या आकारावर आणि बांधकामाच्या खर्चावर. मेट्रोलाइटचा मार्ग इतर वाहनांपासून वेगळा, आवश्यक तेथे कुंपण घातलेला असावा, ही त्याच मानकांतील तरतूद मात्र क्वचितच चर्चेत येते. ट्राम आणि तिच्यातून घडलेली लाइट रेल यांचा इतिहास पाहिला, तर जगभरातील यशापयश बहुतांशी याच तरतुदीवर ठरलेले दिसते.

मुंबईत 9 मे 1874 रोजी कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी या मार्गांवर घोड्यांची ट्राम सुरू झाली. 1907 मध्ये ती विजेवर धावू लागली आणि 1920 मध्ये दुमजली डबे आले. 1926 मध्ये शहरात बस आली, तरी ट्राम हे दीर्घकाळ सर्वांत स्वस्त वाहन राहिले. अडचण तिच्या जागेची होती. रूळ रस्त्याच्या मधोमध होते आणि त्या पट्ट्यावर ट्रामचा विशेष असा हक्क नव्हता. रुळांवर एखादी हातगाडी अडली की मागच्या सगळ्या ट्राम ओळीने उभ्या राहत, आणि डब्यात चढण्यासाठी प्रवाशाला वाहत्या रहदारीतून वाट काढावी लागे. मोटारी वाढल्यावर कोंडीचे खापर ट्रामवर फुटले. 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम गेली. मद्रासची ट्राम त्याआधी 1953 मध्ये आणि दिल्लीची 1963 मध्ये बंद झाली होती.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. पॅरिस शहरातील ट्राम दुसऱ्या महायुद्धापूर्वीच संपली होती, तर लंडनची 1952 मध्ये गेली. अमेरिकेतील ट्रामच्या अंताचे सारे खापर मोटार आणि टायर कंपन्यांच्या कटावर फोडण्याची प्रथा आहे. जनरल मोटर्ससह काही कंपन्या बस आणि इंधनविक्रीत मक्तेदारीचा कट केल्याबद्दल 1949 मध्ये दोषी ठरल्या, हे खरेच आहे. परंतु तिथल्या ट्राम कंपन्या त्याआधीच खिळखिळ्या झालेल्या होत्या. परवान्यातील करारांमुळे अनेक शहरांत त्यांना भाडे वर्षानुवर्षे पाच सेंटांवरच ठेवावे लागले, रुळांलगतच्या रस्त्याची डागडुजी स्वखर्चाने करावी लागली, आणि त्याच गुळगुळीत रस्त्यावरून मोटारी फुकट धावत राहिल्या.

पश्चिम जर्मनीतील काही शहरांनी वेगळी वाट धरली. कोलोन, फ्रँकफर्ट, स्टुटगार्ट येथे रूळ उखडण्याऐवजी ट्राम गर्दीच्या मध्यभागात भुयारातून नेली गेली आणि बाहेरच्या भागात तिला रस्त्याकडेची स्वतंत्र पट्टी देण्यात आली. लाइट रेलचा आधुनिक नमुना म्हणावा तो हाच. अमेरिकेच्या केंद्रीय शहरी वाहतूक प्रशासनाने 1972 मध्ये या प्रकाराला 'लाइट रेल' हे नाव दिले. 'लाइट' म्हणजे गाडी वजनाने हलकी असे नव्हे, तर भुयारी रेल्वेच्या मानाने प्रवासीक्षमता आणि बांधकाम दोन्ही बेताचे. कॅनडातील एडमंटनने 22 एप्रिल 1978 रोजी, राष्ट्रकुल स्पर्धांच्या तोंडावर, आपला पहिला मार्ग खुला केला, आणि त्यासाठी फ्रँकफर्टसाठी विकसित झालेल्या जातीचे जर्मन डबे आणले. 1981 मध्ये कॅल्गरी आणि सान डिएगो यांची भर पडली. सान डिएगोने वादळात नादुरुस्त झालेली एक जुनी मालवाहू रेल्वे विकत घेऊन तिच्यावरून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत गाडी नेली आणि तो पहिला मार्ग केंद्र सरकारचा निधी न घेता पूर्ण केला. जुन्या रेल्वेची जमीन आयती मिळाल्यामुळे त्या लांब पल्ल्यावर मोटारींशी झगडा उरला नव्हता.

हा झगडा खऱ्या अर्थाने झाला तो फ्रान्समध्ये. 1970 च्या सुमारास त्या देशात लील, मार्सेय आणि सेंत-एतिएन या तीनच शहरांत ट्राम उरली होती. 1975 मध्ये वाहतूक राज्यमंत्री मार्सेल कावाये यांनी बोर्दो, ग्रनोबल, स्ट्रासबुर्ग आदी आठ शहरांना पत्र पाठवून रुळांवरील वाहतुकीचा विचार करण्यास सुचवले. पैशाची सोय आधीच झालेली होती. शहरातील नोकरदाता संस्थांकडून वेतनाच्या प्रमाणात घेतला जाणारा वाहतूक कर 1971 मध्ये पॅरिस परिसरात सुरू झाला आणि 1973 पासून इतर मोठ्या शहरांनाही खुला झाला. आपल्याकडच्या चर्चेत या कराचा उल्लेख व्हायला हवा तितका होत नाही. फ्रेंच नगरपालिकांना दरवर्षी हमखास मिळणारे हे उत्पन्न नसते, तर त्या पत्राचे पुढे काही झाले असते असे मला वाटत नाही.

गंमत अशी की पहिली नवी ट्राम त्या आठांपैकी एकाही शहरात झाली नाही. ती झाली नाँतमध्ये, जानेवारी 1985 मध्ये. महापौर आलँ शेनार यांनी प्रकल्प रेटला, त्यावरून वाद पेटला आणि 1983 च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. नवे महापौर ट्रामचे विरोधक होते, पण काम इतके पुढे गेले होते की ते थांबवता आले नाही. ग्रनोबलने त्याच वर्षी नागरिकांचे मतदान घेतले आणि निसटत्या बहुमताने ट्रामचा कौल मिळवला. अपंगांच्या संघटनांनी तेथे आग्रह धरल्यामुळे 1987 मध्ये धावू लागलेल्या गाडीची जमीन रुळांपासून जेमतेम पस्तीस सेंटिमीटर उंचीवर ठेवण्यात आली. थांब्याचा बुटका ओटा आणि डब्याचा दरवाजा जवळजवळ एका पातळीत आले. चाकांची खुर्ची घेऊन येणारा माणूस, बाबागाडी ढकलणारी आई, काठी टेकत येणारे आजोबा हे सगळे कोणाच्या मदतीशिवाय आत जाऊ लागले. मुंबईच्या ट्रामला कधीही न साधलेली ही गोष्ट होती.

स्ट्रासबुर्गमध्ये रस्ता कोणाचा, हा प्रश्न आणखी थेट विचारला गेला. तेथील जुनी ट्राम 1960 मध्ये संपली होती आणि 1980 च्या दशकात तेथे चालकरहित भुयारी मेट्रोचा प्रस्ताव होता. व्यापाऱ्यांना तो पसंत होता, कारण रस्ता मोटारींकडेच राहणार होता. 1989 च्या पालिका निवडणुकीत कॅथरीन त्रोतमान ट्रामचा पुरस्कार करून निवडून आल्या. नोव्हेंबर 1994 मध्ये गाडी सुरू होण्यापूर्वीच प्लास क्लेबेर या मुख्य चौकातून आरपार जाणारी मोटारवाहतूक बंद झाली. पहिला मार्ग बांधताना रूळ टाकण्याआधी दीर्घकाळ चालते ते जलवाहिन्या, मलनिस्सारण, गॅस आणि विजेच्या तारा हलवण्याचे काम, कारण एकदा खाचेचे रूळ काँक्रीटमध्ये बसले की खालच्या वाहिनीसाठी ते पुन्हा सहजासहजी उखडता येत नाहीत. या खोदकामात दुकानदारांचे होणारे नुकसान भरून देण्याची व्यवस्था फ्रेंच शहरांनी रूढ केली. रूळ टाकताना एका बाजूच्या इमारतींच्या दर्शनी भिंतीपासून समोरच्या दर्शनी भिंतीपर्यंत रस्ता नव्याने आखून पदपथ रुंद केले, झाडे लावली. बोर्दोने 2003 मध्ये ऐतिहासिक भागात डोक्यावरच्या तारा टाळून जमिनीतूनच वीज घेण्याची पद्धत आणली.

कोलकात्याचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. 1873 मध्ये सियालदह ते आर्मेनियन घाट अशी घोड्यांची सेवा सुरू करणाऱ्या आणि 1902 मध्ये विजेची ट्राम आणणाऱ्या या शहराने आपले रूळ इतर भारतीय शहरांप्रमाणे 1950-60 च्या दशकांत उखडले नव्हते. अनेक रुंद रस्त्यांवर तेथे ट्रामसाठी मधोमध गवताची राखीव पट्टीही होती. ज्या काळात युरोपातील शहरे अशा पट्ट्या नव्याने आखत होती, त्याच सुमारास कोलकात्यात त्यांवर काँक्रीट ओतून तो भाग मोटारींना खुला करण्यात आला. ट्राम पुन्हा रहदारीत सापडली, वेग मंदावला, प्रवासी घटले आणि मार्ग एकामागून एक बंद होत गेले. सप्टेंबर 2024 मध्ये पश्चिम बंगाल सरकारने एस्प्लनेड ते मैदान एवढाच भाग वारसा म्हणून ठेवून बाकीची ट्राम बंद करण्याचा मनोदय जाहीर केला. त्याविरुद्धच्या याचिका कलकत्ता उच्च न्यायालयापुढे आल्या आहेत.