नाकाचा आकार बदलताना श्वासाचं काय?

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेची हकिकत छापून आली. कावसजी नावाचा मराठा गडी इंग्रजी फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने वीटभट्टीवाल्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. त्या कारागिराचं नाव मात्र कुणी टिपून ठेवलं नाही.

पद्धत वाचण्यासारखी आहे. मेणाचा पातळ पापुद्रा नाकाच्या जागी बसवून आकार ठरवायचा, मग तोच सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेने रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची. दोन डोळ्यांच्या मधली चिंचोळी पट्टी तेवढी कापायची नाही, कारण रक्तपुरवठा तिच्यातूनच चालू राहतो. जोडावर ओला कात (विड्यात घालतात तो) लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेलं फडकं, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापायची. सुश्रुतसंहितेत गालाची कातडी सांगितली आहे, इथे कपाळाची घेतली. १८१४ साली लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी हीच शस्त्रक्रिया केली. कॅन्सरमध्ये किंवा अपघातात नाक गमावलेल्यांसाठी कपाळाची कातडी आजही वापरतात.

आज पुण्यातल्या प्लास्टिक सर्जनकडे येणाऱ्या बहुतेकांचं नाक जागेवरच असतं. कुणाला मधला उंचवटा नको असतो, कुणाला शेंडा बसका वाटतो, कुणाचं नाक गाडीवरून पडून वाकडं झालेलं असतं. इथलं काम मुख्यतः आतल्या सांगाड्याचं. नाकाचा वरचा साधारण तिसरा हिस्सा हाडाचा, खालचा कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीसारख्या लवचिक कुरकुरीत भागाचा, आणि दोन नाकपुड्यांच्या मधोमध पडदा. उंचवटा घासतात, गरज पडली तर हाडं कापून जवळ आणतात, पडद्यातलाच कूर्चेचा तुकडा काढून शेंड्याला टेकू देतात.

खरी गोम आहे ती नाकपुडीच्या जरा आत. पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यामधला कोन तिथे जेमतेम १० ते १५ अंशांचा असतो. हवेच्या वाटेतली ही सगळ्यात अरुंद जागा. नाक बारीक करण्याच्या नादात तिथला आधार जास्त काढला, तर जोरात श्वास घेताना बाजूची भिंत आत ओढली जाते. फोटोत नाक सुरेख आणि रात्री झोपताना तोंड उघडं! म्हणूनच चांगला सर्जन आकाराआधी श्वासाबद्दल विचारतो. गाल बोटांनी बाहेरच्या बाजूला ओढून श्वास घ्यायला लावतो. एकदम मोकळं वाटलं, तर दोष त्या अरुंद जागेत असू शकतो. निरोगी नाकातही थोडा फरक जाणवतोच, त्यामुळे घरच्या घरी निदान करू नये.

आपल्याकडे नाकाची त्वचा अनेकदा जाड असते. जाड गोधडीखाली ठेवलेल्या वस्तूच्या कडा दिसत नाहीत, तसं आत केलेलं नाजूक कोरीवकाम बाहेर फारसं उमटत नाही. हे आधी सांगणारा डॉक्टर भेटला तर नशीबच म्हणायचं.

मग ही शस्त्रक्रिया कुणी करावी? चेहऱ्याची वाढ पूर्ण झालेली हवी, म्हणजे मुलींमध्ये साधारण १५-१६ आणि मुलांमध्ये १७-१८ वर्षांनंतर. तब्येत धड हवी, तंबाखू-सिगारेट बंद हवी, कारण निकोटिनमुळे जखम भरायला वेळ लागतो. आणि तक्रार नेमकी हवी. ‘हा उंचवटा खटकतो’ हे ठीक. ‘मला अमक्या हिरॉइनचं नाक द्या’ हे नाही. स्थळं नाकामुळे परत जातात असं आत्याने म्हटलं, म्हणून तर मुळीच नको. काही जणांचं मन दिसेल-न दिसेल अशा व्यंगात तासन्‌तास अडकून राहतं. त्यांचं समाधान सुरीने होत नाही, त्यांना मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते. सेल्फीवरूनही ठरवू नका: २०१८ च्या एका अभ्यासातल्या गणितानुसार फूटभरावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं.

लग्नाची तारीख काढून मग ऑपरेशन ठरवणारे बरेच असतात. नाकावरचा साचा आठवड्याभरात निघतो, डोळ्यांखालचं काळंनिळं दोनेक आठवड्यांत ओसरतं, पण बारीक सूज, विशेषतः शेंड्याची, उतरायला वर्षही लागतं. हाडं कापली असतील तर काही आठवडे चष्म्याचं ओझं नाकावर नको. तोंड झाकणारं हेल्मेट घालता-काढताना नाकाला घासतं, म्हणून तेवढे दिवस गाडी घरी ठेवून रिक्षा किंवा मेट्रोच बरी.