पार्श्वभूमी : सोलापूरची शिंगरं आणि दोन वर्षांतली उंची

भीमा-नीरेकाठच्या भीमथडी घोड्यांचं मराठेशाहीतलं कौतुक सगळ्यांना पाठ आहे, त्यात शिरत नाही. आजचा वाद वेगळा आहे: शिंगराची उंची दोन वर्षांत काढून ते विकायचं, की चार वर्षांचं होईपर्यंत थांबायचं. 1818 नंतर पागा मोडल्या आणि पैदास करणाऱ्यांचं मोठं गिऱ्हाईक गेलं. इंग्रज फौजेने ऑस्ट्रेलियातून वेलर घोडे मागवले, इथल्या माद्यांवर सरकारी अरबी आणि थरोब्रेड नर सोडले. भीमथडी पातळ झाली ती अशी. मात्र त्या व्यवस्थेत एक गोष्ट शहाणपणाची होती. कोवळी जनावरं विकत घेऊन ती वयात येईपर्यंत लष्करी डेपोत वाढवली जात, तेव्हाच्या अहमदनगरलाही असा डेपो होता. थांबायचा खर्च सरकारच्या खात्यावर पडे. पुढे तो शेतकऱ्याच्या अंगावर आला, आणि आजचा वाद त्यातूनच उभा आहे.

1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, ऊस पसरला, चरायची रानं आकसली. आईमागे दिवसभर चालणारं शिंगरू खुंट्याला आलं. मालदांडी ज्वारीच्या कडब्याच्या जागी उसाचं वाढं पडू लागलं. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. त्यावर चंदी म्हणून गव्हाचा कोंडा: किलोभर कोंड्यात फॉस्फरस दहा-बारा ग्रॅम, कॅल्शियम जेमतेम दीड. हवं असतं नेमकं उलट, कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट. तूट शरीर हाडांतून भरून काढतं. तोंडाची हाडं फुगतात, शिंगरू आज या पायाने तर उद्या त्या पायाने लंगडतं. लसूण घास आणि चुनखडीची पूड एवढ्यावर बरंचसं सावरतं, पण घासाला रान लागतं आणि रानात ऊस आहे.

अकलूजच्या घोडेबाजारात जनावर इंचांत बोललं जातं. साठ इंचांच्या पुढे गेलेल्या प्रत्येक इंचाला भाव आहे, म्हणून दुसऱ्या वर्षापर्यंत उंची काढायचा आटापिटा चालतो: हरभरा, मका, गूळ, तूप, वर दूध. खरं तर उंची किती होणार हे बरंचसं आई-बापावर ठरतं. जास्तीच्या चंदीने शिंगरू फक्त लवकर आणि जड वाढतं. गुडघ्याच्या वरची वाढपट्टी, म्हणजे जिथून हाड लांबीला वाढतं ती जागा, दोन-अडीच वर्षांपर्यंत उघडी असते, पाठीच्या मणक्यांच्या तर पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत. वजन आधी आलं की गुडघ्यावर गरम, दुखरी सूज येते. हाड झपाट्याने वाढतं, मागची शीर (कंडरा) मागे पडते आणि खुरावरचा सांधा पुढे झुकतो. मागच्या पायाच्या सांध्यांत कूर्चेचा तुकडा सुटला, तर तो कित्येकदा खोगीर चढल्यावरच कळतो. तोवर पैसे देऊन झालेले असतात.

पैदासकारांचं म्हणणं खोटं नाही. चार वर्षं दाणा, घोडा सांभाळणारा मोतद्दार, नालबंद हे सगळं कोण सोसणार? वरातीच्या आणि नाचाच्या घोड्याला दोन वर्षांत गिऱ्हाईक मिळतं, खेळाच्या घोड्याला मिळत नाही. तरीही दुधाचे दात न पडलेल्या शिंगराच्या पाठीवर माणूस बसवून ‘चाल’ दाखवणं याचं समर्थन होत नाही. मधले दात अडीच वर्षांच्या सुमारास बदलतात. तोंड उघडून बघायला मिनिटही लागत नाही.

एवढं सगळं जपण्याजोगं जनावर हाती येणं हेच मुळात नशिबाचं. घोडी सुमारे 340 दिवस गाभण राहते. जुळं बहुतेकदा टिकत नाही, म्हणून चौदाव्या ते सोळाव्या दिवशी सोनोग्राफी करून दोनांतला एक गर्भ काढावा लागतो. जन्मल्यावर शिंगरू तासाभरात उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत आचळाला लागलं पाहिजे, तीन तासांत वार पडली पाहिजे. पहिल्या सहा-आठ तासांत चीक पोटात गेला नाही, तर रक्तात पुरेशी प्रतिकारशक्ती उतरत नाही आणि चार-पाच दिवसांनी नाळेतून शिरलेला जंतू सांध्यांत दिसू शकतो. ग्लँडर्स हा संसर्गजन्य रोग निघाला तर कायद्याने घोडाच मारावा लागतो, मग उमदी घोडी असो की टांग्याचं तट्टू. आणि हे सगळं पार करून चार वर्षांचा झालेला घोडा लगाम सैल असताना आपणहून मागच्या पायांवर तोल घेतो, तेव्हा पैदासकाराला पुढच्या हंगामाला पुन्हा घोडी नराला दाखवायची हिंमत येते.

2024 मध्ये भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. काटक, उंचीला बेताचं हे जनावर धनगरांच्या फिरत्या वाड्यांवर ओझं वाहत टिकलं, म्हणजे दिवसभर चालून वाढलं. लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत कोवळ्या वयाचा घोडा चालतच नाही. त्या खेळासाठी दोन वर्षांचं शिंगरू घेणाऱ्याला पुढची काही वर्षं स्वतःच्या पदराने दाणा घालायचा असतो, आणि तो उंचीच्या आधी सांध्यांचे एक्स-रे मागतो.