बिडाची घंटा: वय कशावरून, किंमत कशाची?

अमेरिकेत, विशेषतः ओहायो आणि आसपासच्या राज्यांत, जुनं शेतघर विकायला निघालं की अंगणातल्या खांबावरची गंजकी, बिडाची म्हणजे ओतीव लोखंडाची घंटा हमखास चर्चेत येते. शंभर वर्षांची आहे म्हणजे मोलाची असणार, असा घरच्यांचा हिशेब. ती शंभर वर्षांची असेलही. पण ती जन्मतःच स्वस्त वस्तू होती. का, ते कळलं की आजच्या किमतीचंही नवल वाटत नाही.

घंटेचा खरा धातू कासं: चार भाग तांबं, एक भाग कथील. वसई 1739 मध्ये मराठ्यांच्या हाती आल्यावर तिथल्या ज्या पोर्तुगीज घंटा आपल्याकडच्या देवळांत पोचल्या, त्या या जातीच्या. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर 1721 हे साल ओतलेलं आहे. तांबं-कथील महाग, त्यामुळे अशी घंटा गावाने किंवा चर्चने वर्गणी काढून घ्यायची. एकट्या शेतकऱ्याला ती झेपणारी नव्हती.

स्वस्त पर्यायाचा शोध युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जोरात होता. जर्मनीत बोखुमच्या याकोब मायरने पोलाद ओतून घंटा केल्या आणि 1855 च्या पॅरिस प्रदर्शनात मांडल्या. पोलाद असं ओतता येतं यावर जर्मन पोलाद उद्योजक आल्फ्रेड क्रुपचा विश्वास बसेना. हे बीडच आहे, असा त्याचा आक्षेप. मायरने एक घंटा फोडायला लावली आणि तिचे तुकडे भट्टीत तापवून ठोकून दाखवले. बीड ठोकलं की फुटतं, पोलाद वाकतं. वाद तिथेच मिटला. त्याच काळात इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या नेलर-विकर्स कंपनीने पोलादी घंटा काढल्या. त्यांच्यावर कंपनीचं नाव, साल, रीपे नावाच्या माणसाच्या पेटंटचा उल्लेख आणि क्रमांक असा सगळा तपशील ओतलेला असल्यामुळे त्या ओळखणं सोपं जातं.

अमेरिकी शेतावरच्या घंटेला एवढा मान नव्हता. चार्ल्स सिंगलटन बेल (आडनावच बेल!) याने 1858 मध्ये ओहायोतल्या हिल्सबरो गावी फाउंड्री सुरू केली, आणि पुढे त्याच्या घंटा देशभर गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्सला पंप बनवणारे गोल्ड्स आणि रम्सी हेही घंटा ओतत. ‘सीअर्स, रोबक’ कंपनीच्या टपाली कॅटलॉगात घंटा नांगर-पंपांच्या शेजारी छापलेली असे. लांबच्या वावरातल्या माणसांना जेवायला बोलावणं आणि आग लागली तर शेजारपाजार गोळा करणं, एवढंच तिचं काम. आवाज दूर जावा, गोड नसला तरी चालेल. बिडातल्या कार्बनचे सूक्ष्म पापुद्रे कंपनं गिळतात, म्हणून तिचा नाद लवकर विरतो.

ओळख पटवताना आधी चुंबक लावावा. चिकटला तर कासं नव्हे, मग रंग कितीही सोनेरी असो. त्यानंतर नजर घंटेच्या अंगावर नको, ती ज्या आडव्या जुवाला टांगलेली असते तिथे हवी. कंपनीचं नाव आणि क्रमांक बहुधा तिथेच ओतलेला असतो. बेलच्या लहान घंटा 1 ते 4 क्रमांकांच्या. 1 क्रमांकाची तोंडाशी सुमारे 15 इंच, 4 क्रमांकाची 20 इंचांच्या पुढे. मात्र जुवावर 24 किंवा 28 असेल, तर तो आकडा इंचांतल्या व्यासाचा. ती शाळेची किंवा चर्चची मोठी घंटा. बेलच्या कंपनीचं नावही 1890 च्या दशकात थोडं बदललं, त्यामुळे त्यात ‘अँड कंपनी’मधला ‘अँड’ असणं-नसणं काळ ठरवायला उपयोगी पडतं. ओतलेल्या सालावर फार विसंबू नये. ते बऱ्याचदा पेटंटचं असतं, आणि एकच नमुना वर्षानुवर्षं वापरला जाई. शिवाय जू एका घंटेचं आणि घंटा दुसरीच, अशी जुळवाजुळवही सर्रास दिसते.

किमतीत धातूच्या वजनाला जवळपास अर्थ नाही. कासं मोडीतही पैसे देतं, बीड भंगाराच्या भावात जातं. पैसे मिळतात ते आकाराला, वाचता येणाऱ्या नावाला आणि पूर्णतेला: जू, लोलक, दोन्ही आधार, मोठ्या घंटेला दोर ओढायचं चाक आणि हातोडा. सर्वसाधारण शेतघंटा काही शे डॉलरांच्या पुढे सहसा जात नाही. मोठ्या घंटा विरळ आणि वजनाने अवाढव्य. व्यास दुप्पट झाला की वजन साधारण आठपट होतं, म्हणून वाहतुकीचाच खर्च गिऱ्हाइकाला मागे खेचतो.

तडा गेला असेल तर मात्र किंमत कोसळते. बिडाला वेल्डिंग नीट धरत नाही, आणि धरलं तरी आवाज परत येत नाही. तडा रंगाखाली लपतो, म्हणून ताज्या काळ्या रंगाची घंटा वाजवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. उलट जुना गंज पाहून घाबरायचं कारण नाही. तारेच्या ब्रशने तो निघतो, आणि खाली पुसट अक्षरं असलीच तर तीही तेव्हाच दिसतात.